वाऱ्यातला वाटा

वीज ही गावाने मिळून तयार करायची आणि मिळून वाटून घ्यायची गोष्ट आहे, ही कल्पना डेन्मार्कमध्ये विजेच्या आगमनाबरोबरच रुजली. आज युरोपात ज्याला ऊर्जा-समुदाय म्हणतात, त्यात एका वस्तीतील घरे एकत्र येऊन सौर पट्ट्या, पवनचक्की किंवा बॅटरी उभी करतात आणि कोणी किती वीज घातली, किती घेतली याचा हिशेब संगणकावर ठेवतात. यातला संगणक नवा आहे, हिशेब जुना. डेन्मार्कमधील सामुदायिक विजेच्या सव्वाशे वर्षांत यंत्रे बदलली, कायदे बदलले, पण सभासदांचा विश्वास नेहमी मोजणीवरच उभा राहिला. म्हणूनच हा इतिहास जितका पवनचक्कीचा, तितकाच मीटरचाही आहे.

1864 च्या युद्धात डेन्मार्कने दक्षिणेकडील श्लेसविग प्रांत गमावला. त्या प्रांतातील रोडिंग येथे 1844 पासून चालू असलेली लोकशाळा सीमेच्या पलीकडे गेली, तेव्हा तेथील शिक्षकांनी 1865 मध्ये सीमेच्या अलीकडे, आस्कोव या खेड्यात नवी शाळा सुरू केली. शेतकऱ्यांच्या तरुण मुलामुलींसाठी असलेल्या या शाळांत परीक्षा नव्हत्या. इतिहास, भाषा आणि निसर्गविज्ञान शिकवून मुलांना पुन्हा शेतावर पाठवायचे, असा क्रम होता. त्याच पिढीने सहकारी दुग्धशाळा काढल्या. पहिली 1882 मध्ये पश्चिम जटलँडमधील हेडिंग येथे निघाली. नफा दुधाच्या प्रमाणात आणि मत मात्र माणशी एक, मग गोठ्यात दोन गाई असोत की पन्नास, हे तिचे सूत्र होते. सहकारी साखर कारखान्याचे सभासदत्व घरात असलेल्या मराठी शेतकऱ्याला यात परके वाटण्यासारखे काही नाही. डेन्मार्कमध्ये हेच सूत्र पुढे विजेला लागू झाले. दुधाची बादली रोज सर्वांसमोर मोजली जाते म्हणूनच दुग्धशाळा टिकते, हे त्या शेतकऱ्यांना वीज येण्याआधीच पक्के ठाऊक होते.

1878 मध्ये पोल ला कूर आस्कोवच्या शाळेत शिकवायला आले. ते मूळचे हवामानशास्त्रज्ञ. डॅनिश हवामान संस्थेत उपसंचालक असताना त्यांनी तारायंत्रात मोलाचे शोध लावले होते. मोजमाप हा त्यांचा स्वभावच होता. 1891 मध्ये सरकारी मदतीने त्यांनी आस्कोवला प्रयोगासाठी पवनचक्की बांधली आणि तिच्यावर वीज तयार करायला सुरुवात केली. कोळशाची वीजकेंद्रे शहरांत उभी राहत होती. शहराला वीज मिळाली आणि खेडे अंधारात राहिले तर तरुण गाव सोडतील, ही चिंता त्यांच्या प्रयोगांमागे होती. वारा मात्र जटलँडच्या सपाट माळावर फुकट वाहत होता.

अडचण आजही आहे तीच होती: वारा हवा तेव्हा येत नाही. ला कूर यांनी दोन बाजूंनी तिला हात घातला. वाऱ्याच्या झोतागणिक कमीजास्त होणारी चक्कीची ओढ एकसारखी करण्यासाठी त्यांनी वजनांवर चालणारे एक साधे नियामक यंत्र बनवले. जास्तीची वीज साठवण्यासाठी तिच्या साहाय्याने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन आणि ऑक्सिजन टाक्यांत भरले. 1895 पासून 1902 पर्यंत आस्कोवच्या शाळेत याच वायूंचे दिवे जळत होते. हायड्रोजनमध्ये ऑक्सिजन मिसळून लहानमोठे स्फोट झाले आणि शाळेच्या खिडक्यांच्या काचा अनेकदा फुटल्या, तरीही प्रयोग चालूच राहिले. पात्यांचे नमुने कृत्रिम झोतात ठेवून त्यांनी मापे घेतली. चक्कीला पाती थोडी असली तर ती अधिक चांगली चालते, हा त्यांचा निष्कर्ष होता.

त्यांचे याहूनही टिकाऊ काम शिक्षणाचे ठरले. 1903 मध्ये त्यांनी पवन-वीज मंडळ स्थापन केले आणि पुढच्या वर्षापासून ग्रामीण वीजतंत्रज्ञांचे वर्ग आस्कोवला सुरू केले. शेतकऱ्यांची मुले काही महिन्यांत तारा ओढणे, बॅटऱ्या सांभाळणे आणि मीटर वाचणे शिकून गावी परतत. त्यांच्या हातांनी छोटी छोटी सहकारी वीजकेंद्रे उभी राहिली: एक चक्की, वारा नसेल तेव्हासाठी तेलाचे इंजिन, बॅटऱ्यांची खोली आणि आसपासच्या घरांना एकदिश प्रवाह. 1918 च्या सुमारास देशातील सुमारे 120 स्थानिक वीजकेंद्रांकडे स्वतःची पवनचक्की होती. प्रत्येकीची क्षमता साधारण 20 ते 35 किलोवॅट, सगळ्यांची मिळून 3 मेगावॅट. देशाच्या वीजवापरातला त्यांचा वाटा 3 टक्क्यांच्या आसपास होता. ला कूर यांचे 1908 मध्ये निधन झाले. ही वाढ त्यांना अर्धीच पाहायला मिळाली.

पुढची पन्नासेक वर्षे मोठ्या वीजकेंद्रांची होती. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या लांब वाहिन्या आल्या, कोळसा आणि नंतर तेल स्वस्त झाले, गावची केंद्रे एकामागून एक बंद पडली. दोन्ही महायुद्धांत इंधन मिळेनासे झाले की चक्क्या पुन्हा फिरत आणि युद्ध संपले की थांबत. या काळातले एकच नाव येथे घ्यायला हवे. 1904 मध्ये ला कूर यांच्या वर्गात शिकलेले योहानेस यूल पन्नाशी उलटल्यावर पवनऊर्जेकडे परतले. 1957 मध्ये देशाच्या दक्षिण टोकाशी गेडसर येथे त्यांनी 200 किलोवॅटची चक्की उभी केली. तीन पाती, पात्यांच्या टोकांना वेगाला आवर घालणारे ब्रेक आणि वीजजाळ्याच्या ठेक्यावर फिरणारे साधे जनित्र अशी तिची रचना होती. ती 11 वर्षे चालली. नंतरच्या डॅनिश चक्क्या बहुतेक याच घडणीतून निघाल्या.

1973 च्या तेलसंकटाने डेन्मार्कला जबर हादरा दिला, कारण देशाची नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा आयात तेलातून येत होती. वाहने रविवारी रस्त्यावर आणायला बंदी आली. सरकार आणि वीज कंपन्या अणुऊर्जेकडे वळू लागल्या. 1974 पासून तिच्याविरुद्ध लोकचळवळ उभी राहिली. मात्र चळवळीतील अनेकांना नुसता विरोध पुरेसा वाटत नव्हता, पर्याय हातांनी बांधून दाखवायचा होता. पश्चिम किनाऱ्याजवळ उल्फबोर्ग येथे ट्विन्द नावाच्या शाळांच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी 1975 मध्ये प्रचंड चक्कीचे काम हाती घेतले. पात्यांच्या घेराचा व्यास 54 मीटर होता. देशभरातून आलेल्या स्वयंसेवकांनी काँक्रीट ओतले, पाती घडवली आणि 1978 च्या मार्चमध्ये ती फिरू लागली. त्या वेळी जगात तिच्याएवढी मोठी चक्की नव्हती.

त्याहून शांत, पण परिणामाने मोठी घटना हेर्निंगजवळ एका सुताराच्या अंगणात घडली. क्रिस्टियन रीसागेर यांनी लाकडी पाती आणि बाजारात मिळणारे तयार भाग जुळवून छोटी चक्की बांधली आणि ती घरच्या वीजजोडणीलाच जोडली. वारा सुटला, घरातला वापर भागला आणि मीटरची चकती उलटी फिरू लागली. रीसागेर यांच्या 22 किलोवॅटच्या चक्क्या 1976 पासून विकल्या जाऊ लागल्या. ला कूर यांनी ज्यासाठी हायड्रोजनच्या टाक्या बांधल्या, ते काम आता सगळ्या देशाचे वीजजाळे करणार होते: जास्तीची वीज बाहेर ढकलायची, लागेल तेव्हा परत घ्यायची. जमा आणि खर्च दोन्ही एकाच चकतीवर उमटत होते. हा हिशेब न्याय्य आहे का, या प्रश्नावर पुढची चाळीस वर्षे वाद झाला.

एका घराला न परवडणारी चक्की दहा-वीस घरांना परवडते. त्यातून पवनचक्की-मंडळे जन्मली. डॅनिश भाषेत त्यांना कारागिरांच्या जुन्या संघांचे नाव मिळाले, आणि ते बरोबर होते. भाग पैशांत मोजला जात नसे, विजेत मोजला जाई. चक्की वर्षाला अंदाजे जितकी वीज देईल तिचे 1000 युनिटांचे वाटे पाडायचे आणि प्रत्येक कुटुंबाने आपल्या वापराच्या बेताने वाटे घ्यायचे, अशी रीत होती. वर्षाला 4000 युनिट जाळणारे घर चार-पाच वाटे घेई. मंडळ कायद्याने भागीदारी असे. एकाचे देणे सगळ्यांच्या अंगावर येऊ शकत होते, म्हणून मंडळाने स्वतःच्या नावावर कर्ज काढायचे नाही, असा नियम घटनेतच असे. ज्याला कर्ज हवे त्याने ते आपल्या बँकेतून काढावे. सुरुवातीच्या वर्षांत वाटा घेणाऱ्याने चक्कीपासून 3 किलोमीटरच्या आत राहावे, अशी अट होती. नंतर ती 10 किलोमीटर आणि मग शेजारच्या पालिकाक्षेत्रापर्यंत सैल झाली. चक्कीचा आवाज ज्याला ऐकू येतो त्यालाच तिचे उत्पन्न मिळावे, हा अटीमागचा विचार होता. गावोगावच्या चक्क्यांना विरोध कमी झाला त्याचे श्रेय सर्वांत आधी या अटीला द्यावे लागेल.

1978 मध्ये चक्कीमालकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, आणि या इतिहासातले सर्वांत कमी गाजलेले, सर्वांत महत्त्वाचे काम तिने केले. सभासद महिन्याच्या शेवटी आपल्या चक्कीच्या मीटरवरचा आकडा कळवत. संघटनेच्या मासिकात तो चक्कीच्या नमुन्यासह छापला जाई: कोणत्या गावातल्या, कोणत्या कारखान्याच्या चक्कीने किती युनिट दिले, काय मोडले, किती दिवस बंद राहिली. नवे मंडळ चक्की विकत घेण्याआधी हे तक्ते उघडून बसे. उत्पादकाची जाहिरात एका बाजूला, शेजारच्या जिल्ह्यातल्या चक्कीचे बारा महिन्यांचे आकडे दुसऱ्या बाजूला. खराब नमुना वर्षभरात उघडा पडे. वादळात ब्रेक निकामी होऊन चक्क्या बेलगाम फिरल्या, तेव्हा मालकांनीच दोन स्वतंत्र ब्रेकांचा आग्रह धरला. 1978 मध्ये रिसो येथे सरकारी चाचणी केंद्र निघाले, आणि चक्की उभारण्यासाठी 1979 पासून मिळणारे 30 टक्के अनुदान तेथे मान्य झालेल्या नमुन्यांपुरतेच ठेवले गेले. याच सुमारास अमेरिकेत आणि जर्मनीत मोठ्या कंपन्यांनी अवाढव्य प्रायोगिक चक्क्या बांधल्या. त्यांतील बहुतेक लवकरच बंद पडल्या. डॅनिश चक्की लहान होती, पण तिचे दोष दर महिन्याला छापून येत होते आणि पुढच्या नमुन्यात दुरुस्त होत होते. मोजणी खुली ठेवल्याने एक सबंध उद्योग घडल्याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे.

1985 मध्ये डॅनिश संसदेने अणुऊर्जा आराखड्यातून वगळली. शतक संपता संपता एक लाखाहून अधिक कुटुंबांचे पवनचक्क्यांत वाटे होते. कोपनहेगन बंदरासमोर मिडलग्रुंडेनच्या उथळ समुद्रात 2000 मध्ये प्रत्येकी 2 मेगावॅटच्या 20 चक्क्या उभ्या राहिल्या. निम्म्या शहराच्या वीजकंपनीच्या आणि निम्म्या एका मंडळाच्या. मंडळाचे 40,500 वाटे होते, 1000 युनिटांचा एक, आणि सभासद साडेआठ हजारांच्या वर.

साम्सो बेटाची गोष्ट याच वर्षांतली. 114 चौरस किलोमीटरच्या या बेटावर सुमारे 4000 माणसे राहतात. बटाटे आणि उन्हाळी पर्यटन ही त्यांची मुख्य कमाई. 1997 मध्ये ऊर्जा मंत्रालयाने स्पर्धा जाहीर केली: दहा वर्षांत सगळी ऊर्जा नवीकरणीय साधनांतून मिळवण्याचा आराखडा कोणते बेट देईल? साम्सो जिंकले, पण बक्षिसात पैसे नव्हते. बेटावरचा कत्तलखाना नुकताच बंद होऊन रोजगार गेले होते. शेतकरी घरातले आणि पेशाने शिक्षक असलेले सोरेन हेर्मानसेन गावोगाव बैठका घेत फिरले. जे सर्वांत साशंक, त्यांच्याशी आधी बोलायचे, अशी त्यांची पद्धत होती. 2000 मध्ये जमिनीवर 1 मेगावॅटच्या 11 चक्क्या उभ्या राहिल्या. नऊ शेतकऱ्यांच्या आणि दोन मंडळांच्या. 2003 मध्ये दक्षिणेला समुद्रात आणखी 10 आल्या, प्रत्येकी 2.3 मेगावॅटच्या. त्यांतील पाच स्थानिक पालिकेने घेतल्या. गव्हाच्या पेंढ्यावर आणि लाकडाच्या चिपांवर चालणाऱ्या केंद्रांतून नळांनी घरोघर गरम पाणी जाऊ लागले. वर्षाचा ताळेबंद मांडला तर बेट वापरते त्याहून अधिक वीज तयार करत होते, आणि जास्तीची समुद्राखालच्या केबलमधून मुख्य भूमीकडे जात होती.

पण वर्षाचा ताळेबंद बरेच काही झाकतो. वारा पडलेल्या रात्री साम्सो त्याच केबलमधून वीज मागवत असे. रीसागेर यांच्या उलट्या फिरणाऱ्या चकतीतही हीच उणीव होती. जूनच्या दुपारी जाळ्यात ढकललेले युनिट आणि जानेवारीच्या संध्याकाळी घेतलेले युनिट ती सारखेच धरत होती. छपरावरच्या सौर पट्ट्या स्वस्त झाल्या आणि 2012 मध्ये त्यांची लाट आली, तेव्हा वर्षभरात दिलेली आणि घेतलेली वीज एकमेकींतून वजा करण्याच्या या वार्षिक वजावटीचा भार सरकारी तिजोरीला पेलेना. त्याच वर्षाच्या शेवटी वार्षिक वजावट बंद होऊन नव्या जोडण्यांसाठी ताशी वजावट आली. ज्या तासात वीज तयार झाली त्याच तासात वापरली, तरच ती फुकट. आता तास मोजणारा मीटर हवा होता. तोपर्यंत अनेक डॅनिश घरे वर्षातून एकदा स्वतः मीटर वाचून आकडा कळवत. 2013 मध्ये देशाच्या वीजवाहिनी कंपनीने सगळ्या ग्राहकांच्या नोंदींसाठी एक मध्यवर्ती साठा सुरू केला, आणि 2020 अखेर प्रत्येक घरी दूरवाचनाचा मीटर बसवण्याचे बंधन वितरण कंपन्यांवर आले. ग्राहकाला आपला तासातासाचा वापर घरबसल्या पाहता येऊ लागला.

मोजणी सुटली की सामुदायिक विजेचे काय होते, याचा अनुभव महाराष्ट्राच्या गाठीशी आहे. 1969 मध्ये श्रीरामपूर येथे मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था स्थापन झाली, अमेरिकेतील ग्रामीण वीज सहकारी संस्थांच्या धर्तीवर. राज्य वीज मंडळाकडून घाऊक वीज घेऊन ती सभासदांना वाटायची, असा तिचा व्यवहार होता. राज्यात शेतीपंपांची आकारणी दीर्घकाळ मीटरऐवजी अश्वशक्तीवर होत राहिली, त्यामुळे वापर किती आणि गळती किती हे अंदाजाने ठरे. संस्थेची थकबाकी वाढत गेली आणि 2011 मध्ये परवाना संपल्यावर वितरण महावितरणकडे गेले. सहकाराची परंपरा दोन्हीकडे बळकट होती, पण प्रत्येक युनिटाची नोंद डेन्मार्कमध्येच झाली.

डिजिटल मीटर आल्यावर वस्तीच्या पातळीवरचे प्रयोग शक्य झाले. साम्सोवरील बालेन बंदरात सौर पट्ट्या आणि सुमारे 240 युनिट साठवणारी बॅटरी बसली. नांगरलेल्या बोटी, बंदरातली सौना आणि कार्यालय कोणत्या वेळी किती वीज घेतात याच्या नोंदीवरून बॅटरी कधी भरायची आणि कधी रिकामी करायची हे संगणक ठरवतो. रोस्किल्डेजवळ स्वालिन नावाची 20 घरांची सहनिवासी वसाहत आहे. प्रत्येकाचे घर वेगळे, स्वयंपाक-जेवणाचे मोठे घर सामाईक, अशी ही वसाहतीची रीत डेन्मार्कमध्ये 1970 च्या दशकापासून आहे. स्वालिनच्या छपरांवर सौर पट्ट्या आहेत. डॅनिश तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांबरोबर तेथील रहिवाशांनी शेजाऱ्यांमधील वीजविनिमयाचा प्रयोग केला. घरोघरच्या मीटरांच्या खऱ्या नोंदी घेऊन कोणाची जास्तीची वीज कोणाच्या घरी गेली याचा हिशेब संगणकावर मांडला. बिल मात्र प्रत्येकाला पूर्वीसारखेच वेगळे येत राहिले. कुंपणापलीकडच्या घरात गेलेल्या युनिटावरही कायद्याने पूर्ण वहनशुल्क आणि कर लागत होता, जणू ते देशाच्या दुसऱ्या टोकाहून आले आहे. तंत्र तयार होते, नियम जुने होते.

मधल्या काळात मंडळांची वाढ खुंटली होती. 1999 च्या वीजसुधारणांनी हमीचे दर काढून बाजारभाव आणला, चक्क्या इतक्या मोठ्या झाल्या की गावाच्या खिशाला झेपेनात, आणि जवळ राहण्याची अटही याच सुमारास रद्द झाली. दूरचे गुंतवणूकदार आले, तसा गावांचा विरोधही आला. 2009 पासून लागू झालेल्या कायद्याने प्रत्येक नव्या चक्कीचे किमान 20 टक्के वाटे साडेचार किलोमीटरच्या आतील रहिवाशांना देऊ करण्याची सक्ती केली. 2020 मध्ये तीही मागे घेतली गेली.  जवळ राहण्याची अट रद्द झाली तेव्हा आणि ही सक्ती मागे घेतली तेव्हा, दोन्ही वेळा नुकसान शेजाऱ्यांच्या संमतीचे झाले.

2018 आणि 2019 मध्ये युरोपीय संघाने दोन निर्देश काढून ऊर्जा-समुदायांना प्रथमच कायद्यात स्थान दिले, आणि 2021 पासून डेन्मार्कच्या कायद्यातही ते आले. नवीकरणीय ऊर्जा-समुदायाची व्याख्या अशी आहे: सभासदत्व खुले आणि ऐच्छिक असावे, मुख्य हेतू नफा नसावा, आणि संस्थेवर प्रकल्पाच्या जवळ राहणाऱ्या सभासदांचे नियंत्रण असावे. डेन्मार्कने शतकाच्या वळणावर काढून टाकलेली जवळिकीची अट अशा रीतीने वीस वर्षांनी युरोपच्या कायद्यातून परत आली.